चिपळूणकरांनो, तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?

आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची 26 जुलै 2005 ची, आजोबांनी खिळ्याने ओढलेली. तिच्या वरची 22 जुलै 2021 ची, ती मी ओढली. अशा रेघा आपल्या गावात घरोघर असतील. नकाशावरच्या निळ्या-लाल रेषांवरून आपण एवढी वर्षं भांडतोय (निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाच्या), आणि निळीच्या आत बांधकाम बंद म्हटल्यावर बाजारपेठेतल्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. म्हणून म्हटलं आधी भिंतीवरच्या रेघा एका जागी लिहून काढू. घर-दुकान कुठे, जोतं किती, पाणी कुठवर, आणि म्हातारी माणसं आधीचं काय सांगायची. राजकारण नको, पाणी लिहा.

बाजारपेठ

कापडाचं दुकान, आजोबांपासूनचं. 2005 ला गल्ला बुडाला तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही खालच्या दोन फळ्या रिकाम्याच ठेवतो, वाटायचं झाली आपली तयारी. 2021 ला पहाटे शेजारच्या काकांचा फोन, "अरे दुकानावर जा, शिवनदी भरलीय", मी आणि भाऊ निघालो तेव्हा पाणी घोट्याला होतं, शटर उघडेस्तोवर गुडघ्याला आणि साड्यांचे गठ्ठे माळ्यावर फेकता फेकता कमरेला. मग माल सोडला आणि आम्हीच माळ्यावर चढलो. सागवानी माळा आहे, आजोबांनी घातलेला, त्याने वाचवलं. खाली काउंटर तरंगत होता आणि तो माळ्याच्या फळ्यांना खालून धडकायचा, धप्प, थोड्या वेळाने परत धप्प, संध्याकाळपर्यंत तोच आवाज. पाणी उतरल्यावर ढोपरभर गाळ. माझ्या आईने उधारीची वही तव्यावर सुकवली, एकेक पान, मंद गॅसवर, दोन दिवस तेच करत होती कारण वही गेली म्हणजे उधारी गेली.

मला रेषेचा राग नाहीये. मला वरचा मजला चढवायचाय, म्हणजे पाणी आलं की माल वर नेता येईल, आणि त्याच्यासाठी मी दोन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय. बुडणाऱ्या माणसाला वर चढायची तरी परवानगी द्या ना.

माहेर गोवळकोट, आता डोंबिवली

माझं वय 74. आमचे वडील मुंबईहून आगबोटीने दाभोळला उतरायचे आणि तिथून लाँचने, भरतीबरोबर, खाडीतून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत. भरती-ओहोटी आम्हा पोरींना पाढ्यांसारखी पाठ. धक्क्यावर उतरलेला माल पुढे कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडपर्यंत जायचा, चिपळूणची पेठ त्याच्यावरच मोठी झाली. मागच्या शिमग्याला करंजेश्वरीच्या पालखीला आले होते तेव्हा नातवाला घेऊन धक्क्यावर गेले, ओहोटी होती, समोर नुसता गाळ. जिच्यातून लाँच यायची ती नदी एवढी उथळ झाली तर पुराचं पाणी जाणार कुठे, गावातच ना?

मूळ खेर्डी, सध्या पुणे

मावशी, अगदी बरोबर. मी सिव्हिलवाला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्या वाशिष्ठी नदीवर तीन ओझी आहेत. एक सह्याद्रीवरचा पाऊस, तो काही तासांत खाली येतो. दुसरं कोयनेचं पाणी. पोफळीला वीज केली की ते कोळकेवाडी धरणात आणि तिथून वाशिष्ठीत येतं, पश्चिमेकडे वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) वळवायची मुभा आहे, म्हणजे आपली नदी आता बारमाही दुसऱ्या खोऱ्याचंही पाणी वाहते. तिसरी खाडीची भरती. 2021 ला 24 जुलैला पौर्णिमा होती, उधाणाचे दिवस, वरून लोंढा आणि खालून दार बंद.

2021 च्या डिसेंबरात लोक उपोषणाला बसले आणि मग गाळ काढायचं काम जोरात सुरू झालं, हे चिपळूणकरांनी मिळवलेलं आहे, कोणी आपणहून दिलेलं नाही. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. गाळ एकदा काढून भागत नाही, डोंगर दर पावसात नवा पाठवतो. आणि काढलेला गाळ कुठे जातो तेही बघा, तो सखल शेतात भराव म्हणून पडला तर पाण्याची पसरायची जागा गेली, नदी खोल केली आणि शेजार बुजवला असं होईल.

नवीन कॉलनी, नाव लिहीत नाही

2016 ला फ्लॅट घेतला. "इथे पाणी येतच नाही" असं सांगून विकला. 2021 ला पार्किंग पूर्ण गेलं, पहिल्या मजल्याच्या जिन्यावर पाणी. नंतर शेजारचे एक आजोबा म्हणाले, "अहो हे शेत आमचंच, श्रावणात इथे पाय टाकवत नसे." घेण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं.

वाचनालयाचा जुना सभासद

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, 1864 पासूनचं. 2005 च्या पुरानंतर आम्ही कॉलेजची पोरं साफसफाईला गेलो होतो. ओली पुस्तकं फुगून कपाटात अशी गच्च बसलेली की दार उघडलं तरी एक निघेना, पहारीने काढली. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. तरी वाचनालय उभं राहिलं, 2013 चं साहित्य संमेलन आपल्या गावात झालं, आणि 2021 ला परत तेच. गावाचा आराखडा करताना ही वास्तू कुठल्या रेषेत येते एवढंच बघू नका, पुढच्या पुरात तिथली पुस्तकं कोण, कुठे, किती तासांत हलवणार तेही त्यात लिहा.

पेठमाप

आमच्या घराचं जोतं सात पायऱ्यांचं, पणजोबांनी मुद्दाम उंच घेतलेलं. सासूबाई सांगायच्या, पाणी पाचव्या पायरीला लागलं की तांदळाची कणगी वर न्यायची, त्याच्या आधी घाबरायचं नाही. 2005 ला घरात आलं, 2021 ला देवघराच्या कोनाड्याच्या वर गेलं. परवा हे सगळं लिहायचं म्हणून पायऱ्या मोजल्या. चारच भरल्या. रस्ता दरवेळी जुन्या डांबरावरच नवं डांबर टाकून वर येतो, तीन पायऱ्या त्याच्याखाली आहेत.