ऑइल पंप ठेवावा की काढून टाकावा? उजनीच्या पाण्यावरचा एक मतभेद

भीमाकाठ (धागाकर्ता):

सोलापुरातल्या आम्हा चार मित्रांची मिळून एक फायबरची होडी आहे आणि ती उजनी जलाशयात करमाळ्याच्या बाजूला असते. तिच्यावरचे ४० अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आम्ही कोकणातून जुने विकत आणले. या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी आणि क्रँकवर (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) चालणारा ऑइल पंप आहे, त्यामुळे पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळावे लागत नाही. पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने सल्ला दिला की पंप काढून टाका, त्या जागी पट्टी मारून भोक बंद करा आणि लिटरला २० मिली या हिशेबाने ऑइल सरळ पेट्रोलच्या टाकीत घाला. तिघांना ते पटले. मला पटलेले नाही, म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

टू-स्ट्रोक इंजिनात चारचाकीसारखा खाली साठलेला ऑइलचा साठा नसतो. क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) या सर्वांना मिळणारे वंगण म्हणजे आत येणाऱ्या पेट्रोल-हवेबरोबर जाणारा ऑइलचा तो बारीकसा अंश, आणि तोही शेवटी जळून जातो. हा अंश किती असावा हे इंजिनाच्या कामावर अवलंबून असते. पूर्ण वेगाला ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल लागते, तर संथ चालीला १०० भागांना एक किंवा त्याहूनही विरळ मिश्रण पुरते. पंपाची कांडी कार्बोरेटरच्या थ्रॉटलला (वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) जोडलेली असते ती याच कारणासाठी. हाताने मिसळलेल्या पेट्रोलला मात्र होडी कोणत्या चालीने चालली आहे हे कळत नाही, ते सर्व वेळ सारखेच ऑइल देत राहते. जी व्यवस्था नीट देखभाल केल्यास हे काम आपसूक करते, ती केवळ देखभाल करायची नाही म्हणून उखडून टाकणे मला आळसाचे लक्षण वाटते.

जुना गॅरेजवाला:

आपले म्हणणे दोनदा वाचले, तरी माझा विरोध कायम आहे. आळसाचा शब्द आपण वापरलात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या इंजिनाला ऑइल संपत आल्यावर वाजणारा बझर असेल आणि त्यावर आपला भरवसा असेल. पण तो बझर टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर चालतो, म्हणजे टाकीत ऑइल आहे की नाही एवढेच तो सांगतो. ते ऑइल पुढे पोहोचते आहे का, हे त्याला ठाऊक नसते. पंपाचा नायलॉनचा गिअर झिजला, टाकीतली जाळी गाळाने बुजली किंवा पाइपात हवा शिरली, तर टाकी भरलेली राहील, बझर गप्प राहील आणि इंजिन कोरडे चालत राहील. पंप मरतो तेव्हा ओरडत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. आपल्या इंजिनात पंपातून तीन पाइप निघतात आणि प्रत्येक पाइप एकेका सिलिंडरच्या इनटेकला (पेट्रोल-हवा आत येण्याच्या वाटेला) ऑइल देतो. त्यांपैकी एकच पाइप तुंबला, तर दोन सिलिंडर तंदुरुस्त आणि तिसरे उपाशी, अशी स्थिती होते. आवाजावरून ते लवकर कळतही नाही. कळते तेव्हा बोअर घासलेले असते. मिसळलेल्या पेट्रोलात हा प्रकार संभवत नाही, कारण जे पेट्रोल सिलिंडरमध्ये जाते तेच ऑइल घेऊन जाते. पेट्रोल थांबले तर इंजिन बंद पडते, पण जाम होत नाही.

२१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तिथे कारण वारा होते, इंजिन नव्हे, हे मी जाणतो. पण वळवाच्या दिवसांत भर पाण्यात इंजिन जाम होणे म्हणजे काय असते, हे त्यावरून ओळखावे. लुना आणि चेतकच्या काळात पेट्रोल पंपावर "ऑइल टाकून द्या" म्हणत अख्ख्या सोलापूरने हाताने मिसळूनच गाड्या चालवल्या आहेत. साधी गोष्ट कमी बिघडते.

पाणपक्षी:

मी पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून नेतो, तेव्हा माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ जाताना इंजिन तासभर जवळजवळ आयडलवर ठेवावे लागते. माझे जुने २५ अश्वशक्तीचे इंजिन मिसळलेल्या पेट्रोलवर चालत असे आणि या चालीला ते इतका धूर करी की पाहुणे नाकाला रुमाल लावत. प्लग काळे आणि ओलसर होऊन परतीच्या वेळी एक सिलिंडर पकडत नसे, म्हणून मी खिशात प्लगचा पाना आणि दोन कोरडे प्लग घेऊनच निघत असे. पंप असलेल्या इंजिनावर आल्यापासून तो त्रास गेला आहे. गॅरेजवाले काकांचा युक्तिवाद पूर्ण वेगाने जाणाऱ्या होडीला लागू असेल, दिवसभर रांगणाऱ्या होडीला नाही.

भीमाकाठ:

बझरबद्दलचा आणि तीन पाइपांचा मुद्दा मला मान्य करावा लागेल, कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मिसळणे साधे आहे, हे मात्र मान्य नाही. होडीचे मालक चार आहेत. मागच्या उन्हाळ्यात पाणी मायनसमध्ये (मृतसाठ्याच्या पातळीखाली) गेल्यावर होडी काठापासून लांब सरकली आणि पेट्रोल कॅनमधून वाहून न्यावे लागले. एका कॅनमध्ये ऑइल घातले होते, दुसऱ्यात नव्हते, आणि तिसरा कोणी भरला हे विचारायला फोन लावला तर त्याला रेंज नव्हती. ऑइल बहुधा निळसर रंगाचे असते, म्हणून काचेच्या बाटलीत थोडे ओतून उन्हाकडे धरून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ऑइल नसलेले पेट्रोल चुकून टाकीत गेले असते, तर कोणताही बझर वाजला नसता. पंप बिघडू शकतो तसा माणूसही विसरू शकतो, आणि आमच्यात माणसे चार आहेत.

शिवाय काढायचेच असेल तर ते अर्धवट काढता येत नाही. अनेक जण फक्त ऑइलची टाकी रिकामी करतात आणि पंप तसाच फिरत ठेवतात. कोरडा पंप झिजून त्याचे नायलॉनचे तुकडे क्रँककेसमध्ये जाऊ शकतात. गिअर काढून भोक पट्टीने बंद करणे, इनटेकवरच्या तिन्ही नळ्यांना बूच लावणे आणि फ्लोटची वायर योग्य रीतीने सोडवणे, एवढे सर्व करावे लागते. वायर चुकली तर इंजिन वंगण नाही असे समजून वेग वाढूच देत नाही.

ऊसपट्टा:

या वादात एक गोष्ट राहून गेली आहे. आता पेट्रोल पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे असते. (उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावे ठेवणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे, तरीही लिहितो.) इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. जलाशयावर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या, झाकण सैल असलेल्या टाकीत पाणी जास्त झाले, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. ऑइल वरच्या पेट्रोलात राहते. पेट्रोलचा पाइप तळातून ओढतो, म्हणजे मिसळलेले पेट्रोल वापरणाऱ्याच्या इंजिनात नेमका ऑइल नसलेला थर आधी जातो. पंप असलेल्या इंजिनात निदान ऑइल स्वतंत्रपणे येत राहते.

जुना गॅरेजवाला:

रसायन बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. तो थर कार्बोरेटरमध्ये आला की इंजिन आचके देऊन बंद पडते, ते त्यावर तासभर पळत नाही. नुकसान होते ते थोडेसे पाणी मधूनमधून येत राहिले तर. त्यावर उपाय पंप नाही. पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा आणि मिसळलेले पेट्रोल एका महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका.

नवा नावाडी:

मध्येच विचारतो, त्याबद्दल क्षमस्व. दुचाकीचे टू-टी ऑइल घातले तर चालते का? बोटीचे ऑइल सोलापुरात मला सहज मिळाले नाही.

ऊसपट्टा:

नेहमीसाठी घालू नये. दुचाकीचे इंजिन हवेने थंड होते आणि जास्त तापते, त्याच्या ऑइलमध्ये राख ठेवणारी धातुयुक्त द्रव्ये असतात. बोटीचे इंजिन जलाशयाच्या पाण्याने थंड होते, म्हणून त्याला राख न ठेवणारे, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ असे छापलेले ऑइल लागते. दुचाकीच्या ऑइलची राख पिस्टनच्या माथ्यावर साठून तापते आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवू शकते. पुण्याहून मागवा, पण तेच घाला. हा नियम पंपवाल्यांना आणि मिसळणाऱ्यांना सारखाच आहे.

भीमाकाठ:

सध्यापुरता आमच्या चौघांचा निर्णय असा झाला आहे की पंप ठेवायचा, पण त्याची परीक्षा घ्यायची. मेकॅनिकबरोबर बसून ऑइलची टाकी उतरवली, जाळी रॉकेलने धुतली आणि तळाशी चमचाभर पाणी निघाले ते काढले. पंपाच्या कांडीवरची खूण आणि पंपाच्या अंगावरची खूण पुस्तिकेत दिलेल्या स्थितीत जुळत नव्हत्या, त्या जुळवल्या. नंतर हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू दिले. या काळात इंजिन कोरडे राहू नये म्हणून पेट्रोलच्या टाकीत ५०:१ मिश्रण आहे, आणि ऑइलच्या टाकीवर पातळीची रेघ मारून ठेवली आहे. आता पेट्रोल जळेल त्या प्रमाणात रेघेखाली ऑइल उतरले पाहिजे.

जुना गॅरेजवाला:

हे योग्य केलेत. फक्त दोन्हीकडून ऑइल जात असताना धूर होईल, त्याला घाबरू नका आणि त्यावरून काही ठरवू नका. टाकी संपल्यावर तिन्ही प्लग काढा, वरचा, मधला, खालचा अशा क्रमाने कापडावर मांडा आणि एकमेकांशी ताडून पाहा. एकूण किती ऑइल उतरले यावरून पंप कळतो, पाइप कळत नाहीत.

भीमाकाठ:

२४ लिटर पेट्रोल रविवारी संपले. अर्धा वेळ संथ आणि अर्धा वेळ जोरात चालवले, ऑइलच्या टाकीतून ३१० मिली उतरले, म्हणजे पंप काम करतो आहे. प्लग मात्र आपण सांगितले तसे मांडले, तेव्हा वरचा आणि खालचा सारखेच काळपट तपकिरी होते आणि मधला त्यांच्यापेक्षा स्पष्ट उजळ, म्हणजे त्या सिलिंडरला ऑइल कमी पोहोचत असावे. मधल्या सिलिंडरचा पाइप वाकवून पाहिला तर जोडापाशी कडक झाला आहे. तिन्ही पाइप बदलून पुन्हा एक टाकी चालवेपर्यंत पेट्रोलातले मिश्रण बंद करणार नाही.