‘आपण आहोत म्हणून मी आहे’ हा आफ्रिकी विचार ख्रिस्ती श्रद्धेत कितपत बसतो?

सदरवासी, नागपूर
सर्वांना ख्रिस्तामध्ये सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघात सध्या आफ्रिकी ख्रिस्ती विचारावर चर्चा सुरू आहे. केनियाचे अँग्लिकन धर्मगुरू जॉन म्बिटी (1931–2019) यांनी 1969 च्या आपल्या ग्रंथात आफ्रिकी माणसाची स्वतःविषयीची जाणीव ‘मी आहे, कारण आपण आहोत’ अशी मांडली. आम्हाला मात्र पश्चात्ताप ज्याचा त्याने करायचा, असेच शिकवलेले आहे. माणूस समूहातूनच घडत असेल, तर पाप कोणाचे आणि क्षमा कोणाला, असे मुले विचारतात. जाणकारांनी कृपया लिहावे.

धंतोलीकर वाचक
पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय मुलांसोबत वाचावा. एक अवयव दुखावला तर सर्व अवयव दुखावतात, हे तेथे स्पष्टच आहे. म्बिटी ज्यांना ‘जिवंत मृत’ म्हणतात, म्हणजे ज्यांचे नाव घेणारे कोणी अजून हयात आहे असे पूर्वज, त्यांच्याविषयीची आफ्रिकी भावना आणि पवित्रजनांच्या सहभागितेवरील, म्हणजे जिवंत आणि मृत सर्व विश्वासणारे ख्रिस्तात एक आहेत यावरील, आपला विश्वास यांतही जवळीक आहे. टांझानियाचे चार्ल्स न्यामिटी यांनी तर 1984 मध्ये ख्रिस्तालाच आपला पूर्वज मानून संपूर्ण मांडणी केली.

अडचण येते ती नायजेरियाचे तत्त्वज्ञ इफेयानी मेनकिटी यांच्यापाशी. त्यांच्या मते व्यक्तित्व जन्मतः मिळत नाही; समाजात वावरत, कर्तव्ये पार पाडत ते हळूहळू कमवावे लागते, आणि त्यात माणूस कमीही पडू शकतो. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले असे मानणाऱ्याला हे स्वीकारता येणार नाही, कारण मग तान्हे मूल, मतिमंद भाऊ किंवा वाळीत टाकलेली बाई यांचे माणूसपण इतरांच्या मान्यतेवर अवलंबून राहील. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी मेनकिटींवर टीका करताना व्यक्तीच्या हक्कांना आणि विवेकाला जागा ठेवली. मला तीच वाट अधिक ख्रिस्ती वाटते.

इंदोऱ्याहून
जय भीम. मी ख्रिस्ती नाही, पण हा प्रश्न आमच्याही जिव्हाळ्याचा आहे. समूहाचे गुणगान ऐकले की मला प्रथम जात आठवते, कारण तीही माणसाला ‘आपल्यांमुळे तू आहेस’ असेच सांगते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्यांच्या हाती बायबल आले, त्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्त दुरावले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षे वेगळे राहावे लागले. उलट 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात लाखो लोक बाबासाहेबांसोबत एकत्र बौद्ध झाले, तरी बावीस प्रतिज्ञा प्रत्येकाने स्वतः घेतल्या होत्या. समूह आणि स्वतःचा निर्णय एकत्र नांदू शकतात, हे आम्ही अनुभवलेले आहे.

आफ्रिकेतही हा धोका काल्पनिक नाही. 1994 च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेसाठीची कॅथलिक धर्मसभा, म्हणजे बिशपांची परिषद, रोममध्ये भरली आणि चर्च म्हणजे देवाचे कुटुंब, ही प्रतिमा तिने पुढे आणली. त्याच दिवसांत बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या रवांडात हुतू समाजाच्या टोळ्या तुत्सी समाजाच्या लोकांची कत्तल करत होत्या, आणि आश्रयाला आलेले लोक चर्चच्या इमारतींतही मारले गेले. ‘आपण’मध्ये कोण येतो, हे रक्तावरून ठरले की असे घडते.

सदरवासी, नागपूर
आपण दोघांचेही मनापासून आभार. रवांडाचा मुद्दा संघात टाळता येणार नाही. मुलांच्या मूळ प्रश्नाला मात्र वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या कामात काही उत्तर दिसते. त्याचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू सतत उबुंटूविषयी, म्हणजे माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो या धारणेविषयी, बोलत असत. तरी शिक्षेतून माफीसाठी प्रत्येक गुन्हेगाराला स्वतःच्या नावाने अर्ज करून, राजकीय हेतूने केलेले ते कृत्य पूर्णपणे उघड करावे लागे. जखम सर्वांची मानली गेली, पण कबुली ज्याची त्यानेच द्यायची होती. कायद्याने पश्चात्तापाची अट मात्र घातलेली नव्हती. तेवढ्यावर मंडळी समाधानी राहू शकत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय घेणार आहोत, ज्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन सर्वांसमक्ष दिले.