आई लेकराच्या डोक्यातल्या उवा काढतेय, एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये हे चित्र कशाला असेल?

सिन्नरची_लेक

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मे महिन्यात मुलाकडे आइंडहोवनला गेले होते, त्याने एक दिवस अ‍ॅमस्टरडॅमला राइक्सम्युझियम बघायला नेलं. रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच'पुढे ही गर्दी, फोटो काढणारे, शाळेची पोरं, मला काही नीट बघताच आलं नाही. पाय दुखायला लागले म्हणून दुसऱ्या एका दालनात जरा टेकले आणि समोर बघते तर एक लहानसं चित्र, त्यात एक बाई बसलीये आणि तिच्या मांडीत लेकराने डोकं खुपसलंय आणि ती त्याच्या केसातल्या उवा काढतेय. बस्स एवढंच. मागे भिंतीतला पलंग, पडदे लावलेला, पलीकडच्या खोलीत दारातून ऊन आलेलं आणि एक छोटं कुत्रं आपल्याकडे पाठ करून त्या उन्हाकडे बघत बसलंय.

मी तिथून उठलेच नाही हो. आमची आई रविवारी दुपारी जेवणं उरकली की मागच्या पायरीवर आम्हा बहिणींना एकेक करून बसवायची, बारीक दातांची लाकडी फणी, मांडीवर पांढरं फडकं, आणि ऊ सापडली की दोन अंगठ्यांच्या नखात टच्च. डोकं हलवलं की टपली. आणि मान अशी अवघडायची पण उठावंसं वाटायचं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि ती मला कुठे भेटली तर तिथे, हजारो किलोमीटर लांब. मुलाला काही कळेना आई का रडतेय.

त्याने बाजूची पाटी वाचून दाखवली, चित्रकार पीटर दे होख, साधारण १६५८ ते १६६० मधलं चित्र, त्याला 'आईचं कर्तव्य' असंही म्हणतात. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की यात देव नाही, राजा नाही, लढाई नाही, मग हे कोणी काढायला सांगितलं असेल? आणि विकत कोणी घेतलं असेल? आपण आपल्या हॉलमध्ये लावू का उवा काढतानाचं चित्र? आणि कोपऱ्यात एक भोक असलेली छोटी लाकडी खुर्ची आहे ती काय भानगड आहे ते पण कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

कुंचला

ताई, फार सुंदर लिहिलंत. मी तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आता रिटायर आहे, या काळातल्या डच चित्रांचं मला वेडच आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

कोणी काढायला सांगितलं, तर बहुतेक कोणीच नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. इटलीत किंवा स्पेनमध्ये चित्रकाराचं पोट चर्चवर आणि राजवाड्यावर चालायचं. हॉलंडमध्ये १५६६ साली लोकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली, पुढे तिथे कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट लोकांचं वर्चस्व आलं आणि चर्चच्या भिंती पांढऱ्या झाल्या. मूर्ती नको, चित्र नको. आता चित्रकाराने जायचं कुठे? तो बाजारात गेला. घरात लावायला चित्रं काढायला लागला, लहान साइजची, घरात मावतील अशी, आणि घेणारे होते व्यापारी, कारागीर, दुकानदार. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६४० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला गेला होता, त्याने लिहून ठेवलंय की इथे लोहाराच्या भात्यापाशी आणि चांभाराच्या दुकानातसुद्धा एखादं चित्र असतंच. (हाच मंडी त्याआधी सुरतेला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि १६३०-३२ च्या गुजरातच्या भयंकर दुष्काळाचं वर्णन त्याने केलंय, त्यामुळे माणूस डोळे उघडे ठेवून फिरणारा होता हे नक्की.)

तर देवाचं चित्र चर्चमधून गेलं पण चांगलं कसं जगावं हा प्रश्न काही गेला नाही ना, तो घरात आला. देव्हाऱ्याची जागा घराने घेतली म्हणा. म्हणून त्या चित्रांमध्ये झाडलोट, कपड्यांच्या घड्या, लोणी, बाळाला पाजणं, अभ्यास, हे सगळं इतक्या आदराने काढलेलं दिसतं. फणीचंच घ्या. रूमर फिशर नावाच्या डच कवीचं १६१४ चं एक पुस्तक आहे, त्यात साध्या साध्या वस्तूंची चित्रं आणि प्रत्येकावर एक वचन. त्यात फणी आहे आणि तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'स्वच्छ करते आणि सजवतेही'. म्हणजे केस विंचरण्यात मूल घडवणंही आलं, हे तेव्हाच्या बघणाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

पण ताई मला विचाराल तर निव्वळ उपदेशासाठी काढलेलं चित्र असं काळजाला लागत नाही. दे होखचे वडील गवंडी होते आणि आई सुईण होती. त्याची चित्रं बघा, विटांचा एकेक थर, फरशीचा एकेक सांधा असा काढतो जणू स्वतः रचलाय. आणि बायका आणि लेकरं यांच्यातलं ते न बोलता चालणारं जे काही असतं ते त्याला जसं दिसलं तसं फार थोड्यांना दिसलं. हे घरातून आलेलं असणार असं मला आपलं वाटतं, पुरावा काही नाही.

---

कालव्याकाठी

ताई ती खुर्ची म्हणजे लहान मुलाची शी-शूची खुर्ची, खाली भांडं ठेवायचं. डच लोक त्याला सरळ 'काकस्टूल' म्हणतात. मी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी राहतो अकरा वर्षं झाली, दे होखने ते चित्र काढलं तेव्हा तोही बहुधा इथेच होता, त्याच सुमारास फर्मीर हा दुसरा मोठा चित्रकारपण इथेच, दोघं एकाच चित्रकारांच्या संघाचे सभासद, गाव एवढंसं, रोज दिसत असणार एकमेकांना.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत दे होखचं १६५८ चं एक चित्र आहे, डेल्फ्टमधल्या एका घराचं मागचं अंगण, ते नक्की बघा नेटवर. मोलकरीण आणि एक छोटी मुलगी हातात हात धरून उभ्या आहेत, पलीकडे बोळात मालकीण पाठमोरी. आणि वरच्या कमानीत एक दगडी पाटी आहे, ती खरी पाटी होती, इथल्या एका जुन्या मठाची. तिच्यावर लिहिलंय त्याचा भाव असा की सहनशीलता आणि नम्रता हवी असेल तर इथे या, कारण वर चढायचं तर आधी खाली उतरावं लागतं. मठ बंद पडला, धर्म बदलला, पण ती पाटी चित्रकाराने उचलून एका साध्या घराच्या अंगणात आणली, आणि खाली कोण उभं आहे तर मोलकरीण आणि लेकरू. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि घरातल्या परंपरांचं म्हणाल तर त्याच काळातल्या यान स्टेन या चित्रकाराचं 'संत निकोलसचा सण' बघा, ते राइक्सम्युझियममध्येच आहे, कदाचित तुम्ही त्याच्यासमोरून गेलाही असाल. पाच डिसेंबरला इथे मुलं अजूनही बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. चित्रात छोटीला बाहुली आणि खाऊ मिळालाय, ती छातीशी धरून बसलीये, आणि मोठ्या पोराच्या बुटात निघाली झोडपायची काटकी! तो रडतोय, भाऊ त्याच्याकडे बोट करून हसतोय. पण मागे बघा, पडद्याआड आजी उभी आहे आणि ती त्या रडणाऱ्या पोराला हळूच बोटाने खुणावतेय, ये इकडे. नक्की काहीतरी लपवून ठेवलंय तिने. प्रोटेस्टंट मंडळींना हा सण पसंत नव्हता, संताचा सण म्हणून, स्टेन स्वतः कॅथलिक होता. तरी सण टिकला. माझ्या मुलीचा बूट दरवर्षी आमच्या दाराशी असतो आणि झोपायच्या आधी ती त्यात संत निकोलसच्या घोड्यासाठी गाजर ठेवते.

याच स्टेनचं हेगला एक चित्र आहे, म्हातारी गाणं वाचतेय, सगळं घर पिऊन मजेत, आणि बाप हसत हसत लहान पोराच्या तोंडाला तंबाखूचा पाइप लावतोय. नाव एका डच म्हणीवरून, मोठे जसं गातात तसं लहान वाजवतात. आपल्याकडे खाण तशी माती म्हणतो तेच. बापाचा चेहरा त्याने स्वतःचा काढलाय हे मला फार मोठं वाटतं, दुसऱ्याकडे बोट नाही दाखवलं.

---

वेंगुर्लेकर

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट राहून जातेय ती बोलतो. ही जी घरं आपण बघतोय, स्वच्छ फरशी, निळ्या-पांढऱ्या टाइल्स, भरलेली कपाटं, त्यातला पैसा कुठून आला? आमच्या वेंगुर्ल्यात डच वखार आहे, पडकी, झाडांनी खाल्लेली. १६३७ पासून डच ईस्ट इंडिया कंपनी तिथे होती, गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करायला जी जहाजं यायची त्यांना रसद तिथून मिळायची. लहानपणी त्या भिंतींवर चढून आम्ही खेळलोय. म्हणजे ती आई डेल्फ्टमध्ये उवा काढत होती त्याच वर्षी तिच्या देशाची माणसं आमच्या किनाऱ्यावर वखारीत बसलेली होती. डेल्फ्टमध्ये तर कंपनीची स्वतःची शाखा होती. त्या निळ्या टाइल्ससुद्धा चिनी मातीच्या भांड्यांची नक्कल, आणि ती भांडी आणली कंपनीच्याच जहाजांनी.

आणि अजून पुढे जा. रेम्ब्रांने १६३४ मध्ये एका श्रीमंत नवराबायकोची दोन पूर्णाकृती चित्रं काढली, मार्टेन सोल्मान्स आणि ओप्येन कॉपिट, २०१६ मध्ये फ्रान्स आणि हॉलंडने मिळून १६ कोटी युरोंना घेतली. त्या मार्टेनच्या बापाचा साखर शुद्ध करायचा कारखाना होता आणि कच्ची साखर यायची ब्राझीलहून, गुलामांच्या घामाची. हे मी मनाचं नाही सांगत, राइक्सम्युझियमने स्वतः २०२१ मध्ये गुलामगिरीवर प्रदर्शन भरवलं त्यात ही चित्रं याच कारणासाठी ठेवली होती. लेसची कॉलर इतकी सुंदर काढलीये की बघत राहावं, पण काटकसर, कष्ट, नम्रता ही मूल्यं ज्यांच्या भिंतीवर होती त्यांनी कोणाला चित्रात घेतलंच नाही हे पण बघायला पाहिजे. मूल्यं दाराच्या आतली होती, बाहेरच्यांसाठी नव्हती.

ताई तुमच्या रडण्याबद्दल एक शब्द नाही हां माझा, ते खरंच आहे.

---

कुंचला

वेंगुर्लेकर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. वर्गात मीपण कित्येक वर्षं लेसच शिकवली, साखर नाही शिकवली.

फक्त एक जोडतो. घरातलीच जी बाहेरची होती, म्हणजे मोलकरीण, तिच्याबद्दल. त्या काळातल्या बऱ्याच डच चित्रांत मोलकरीण म्हणजे झोपाळू, चोरटी नाहीतर चालू अशीच दाखवायचे, हसायला. आणि मग फर्मीरची दूध ओतणारी बाई बघा, ४५ सेंटिमीटर उंचीचं जेमतेम चित्र. मातीच्या भांड्यात दुधाची बारीक धार, टेबलावर पावाचे तुकडे, मागे मोकळी पांढरी भिंत, त्यात एक खिळा आणि खिळ्याची सावली. २०२२ मध्ये म्युझियमच्या लोकांनी यंत्रांनी तपासलं तर कळलं की त्या भिंतीवर आधी त्याने भांडी टांगायची फळी काढायला घेतली होती आणि खाली कोपऱ्यात विस्तवाची टोपली होती. दोन्ही त्याने पुसली! काढून काढून शेवटी ती बाई, दूध आणि उजेड एवढंच ठेवलं. तिच्या कमरेच्या निळ्या वस्त्राला जो रंग आहे तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा, अतिशय महाग, सहसा मदर मेरीच्या वस्त्राला राखून ठेवायचे तो. तो मोलकरणीला दिला. मला वाटतं त्या चित्रकाराला काहीतरी म्हणायचं होतं आणि ते दाराच्या आतलं असलं तरी छोटं नव्हतं.

---

वेंगुर्लेकर

हे माहीत नव्हतं सर. खिळ्याची सावली झूम करून बघितली आत्ता. खरंच आहे.

---

सिन्नरची_लेक

बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं आणि मुलालापण पाठवलं. वेंगुर्लेकर भाऊ, तुमचं वाचून जरा वेळ गप्प बसले, पण बरं झालं सांगितलंत, आता पुढच्या वेळी गेले तर त्या साखरवाल्यांच्या चित्रापुढे पण उभी राहीन. आणि तो आजीचा पडदा! आमच्या आजीने डब्यात लपवलेला गुळाचा खडा आठवला, मार खाल्ल्यानंतरच मिळायचा.

मी ते उवांचं चित्र धाकट्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅप केलं, काहीच लिहिलं नाही सोबत. तिचा पाच मिनिटांनी फोन. म्हणे ताई, आई पण असंच डाव्या हाताने कपाळ धरायची. मला हे आठवतच नव्हतं, तिला आठवलं.

मुलगा म्हणतोय की म्युझियमच्या साइटवरून चित्र मोठ्या साइजमध्ये फुकट उतरवून घेता येतं, मूळ चित्र ५२ बाय ६१ सेंटिमीटरच्या आसपास आहे तर तेवढंच करू. दोन प्रती हव्यात, एक तिच्याकडे, एक आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला. नाशिकमध्ये कॅनव्हासवर चांगली प्रिंट करून देणारं कोणी माहितीये का, रंग काळपट न करणारं?