मदत हवी आहे: आईला आभासी जगात कसं न्यावं?

मंडळी, एक सल्ला हवाय. आम्ही भावंडं तीन देशांत. व्हिडिओ कॉलवर सगळे एकदम बोलतात, कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हटलं, एखाद्या थ्रीडी जगात अंगण मांडू. तिथे जवळच्याचा आवाज मोठा, लांबच्याचा बारीक.

रविवारी आईला लॅपटॉपसमोर बसवलं. वीस मिनिटं नुसती पडद्यावरच्या तिच्या पात्राचे केस निवडण्यात गेली (नऊवारी नाही म्हणून रुसवा वेगळाच). मग भिंतीला तोंड लावून जागच्या जागी चालत राहिली. "अरे, मला वळवा कुणीतरी!"

सेकंड लाइफ हे असंच आभासी जग २००३ पासून आहे, तरी घरोघरी पोचलं नाही. गुगलचं तसलंच लाइव्हली तर २००८ मध्येच सुरू होऊन त्याच वर्षी बंद झालं. उलट माइनक्राफ्ट भाचा कुणी न शिकवता खेळतो. मला वाटतं, तिथे आल्या आल्या हाताला काम मिळतं.

तर लिंक दाबली की फोनच्या ब्राउझरमध्ये थेट आत, असं काही कुणी वापरलंय का? मोझिलाचं हब्स तसं होतं, २०२४ मध्ये त्यांनी सेवा थांबवली. त्याचा खुला कोड स्वतःच्या सर्व्हरवर कुणी चालवतंय का? महिन्याला खर्च किती येतो? आणि हो, नऊवारीचं काही जमेल का?