मदत हवी आहे : १ ऑगस्टचा दिनविशेष
नमस्कार मंडळी. यंदा १ ऑगस्टच्या परिपाठाची पाळी माझ्या पाचवीच्या वर्गाकडे आली आहे. १९२० साली याच दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली!

दरवर्षी दोन तसबिरींना हार घालून, फळ्यावर दोन ओळी लिहून आपण मोकळे होतो. टिळक शेंगांच्या टरफलांपुढे सरकत नाहीत, अण्णाभाऊ तर नावापुरतेच. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने कादंबऱ्या, पोवाडे लिहिले, हे मुलांना कळायलाच हवं.

पाच मिनिटांत दोघांना न्याय कसा द्यावा? अण्णाभाऊंचा पोवाडा कुणी मुलांकडून बसवून घेतलाय का? कुठला निवडलात, चाल कुठे मिळाली? लवकर कळवा, सरावाला आठवडा तरी लागेल.