कुपाचं मांस मटणासारखं लाल का असतं?

रंकाळाकाठ:
सुरमई परवडेना म्हणून काल मार्केटातून अख्खा कुपा घेऊन आले. घरी कापला तर आत मटणासारखा लालभडक, मधल्या काट्यालगत तर पार काळपट. सासूबाई म्हणाल्या, रक्त साकळलंय, मासा शिळा आहे. पण वास अजिबात नव्हता, डोळेही चकचकीत होते. मांस असं कशामुळं? आणि कोल्हापुरात येईपर्यंत हा मासा चांगला राहतो का?

बावडेकर:
काळा भाग आम्ही काढून मांजराला घालतो, चव उग्र लागते. बाकीचं झणझणीत करा, काय होत नाही.

निवृत्त प्राणिशास्त्र:
ताई, सासूबाईंना सांगा, ते साकळलेलं रक्त नव्हे, स्नायूचाच रंग आहे. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा प्रॅक्टिकलला मी मुद्दाम कुपा आणि सुरमई शेजारी ठेवून आडवे कापायचो. सुरमईचा काप पांढरट, आणि काळपट पट्टी असते ती कातडीखाली. कुपात तोच गडद स्नायू आत, काट्याला लागून.

कुपाला थांबता येत नाही. आपल्याकडचे रोहू-कटला एका जागी राहून कल्ल्यांची उघडझाप करतात. कुपा तोंड किंचित उघडं ठेवून पोहत राहतो, तेव्हाच कल्ल्यांवरून पाणी जातं. थांबला की गुदमरला. जन्मभर पोहायचं तर स्नायूंना ऑक्सिजनचा साठा हवा, तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन लाल असतं. मटणाचा लाल रंगही त्याचाच.

आणि तो काळपट भाग आत का, हे तर मला आजही सांगताना भरून येतं. तिथं सतत ऊब तयार होते. बहुतेक माशांची ऊब कल्ल्यांतून पाण्यात निघून जाते. कुपात स्नायूंकडून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं गार रक्त शेजारशेजारच्या बारीक वाहिन्यांतून उलट दिशांनी वाहतं. ऊब गार रक्तात उतरते, अंगातच राहते. म्हणून गार, खोल पाण्यातही त्याचे स्नायू जोरात चालतात. भर समुद्रातला पिवळ्या परांचा मोठा कुपा बहुतेक वेळ वरच्या १०० मीटरांत माकुल आणि लहान माशांमागं असतो, पण १००० मीटरांखाली बुडी मारल्याच्याही नोंदी आहेत. लांबी २ मीटरपर्यंत जाते.

तुमचा कुपा बहुधा त्याचा लहान भाऊबंद. पाठीवर मागच्या बाजूला काळ्या नागमोडी रेघा आणि छातीच्या पराखाली दोन-चार काळे ठिपके होते का? तो किनाऱ्याच्या जास्त जवळ राहतो.

आता खाण्याचं. बावडेकर, तुमच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. या माशात हिस्टिडिन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. आंबा घाट चढून येईपर्यंत बर्फ कमी पडला, की जिवाणू त्याचं हिस्टामाइन हे बाधणारं द्रव्य करतात. ते शिजवून, तळून किंवा फ्रीझरमध्ये ठेवून जात नाही, आणि वासावरून कळेलच असं नाही. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर मासा टाकून द्यायचा, पण झणझणीत रश्श्यात ती चुणचुण कळणार कशी? खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज, धडधड असं झालं तर डॉक्टरांकडं जा. बर्फात पुरलेलाच मासा घ्या. लाल रंग तपकिरीकडं झुकला असेल तर घेऊ नका.

रंकाळाकाठ:
ठिपके होते, सर! मावशींनी बर्फाखालूनच काढून दिला होता. रात्री खाल्ला, सगळे ठणठणीत आहेत. मुलगा विचारतोय, मग कुपा झोपतो कधी?

निवृत्त प्राणिशास्त्र:
पोहणं थांबवून झोपणं त्याच्या नशिबी नाही. ठिपकेवाल्या कुपाच्या पोटात हवेची पिशवीही नसते, म्हणजे थांबला तर गुदमरेल, शिवाय बुडेलही. पुढच्या वेळी अख्खा आणलात की मुलाला पाठीवरचा पहिला पर बोटानं उभा करून परत मिटायला सांगा. तो खाचेत पूर्ण बसतो, वेगात पाण्याला अडू नये म्हणून.