शिष्यवृत्ती द्यावी, पण खड्डा खणणाऱ्याला

सभागृहाला नाव देण्यापेक्षा आमच्या मृदाशास्त्राच्या दिवंगत सरांच्या स्मृतीसाठी त्याच विषयाच्या एमएस्सीला शिष्यवृत्ती निधी उभारावा, ही इथे कुणीतरी केलेली सूचना मनापासून पटली. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. एकच भर घालते: पैसे गुणांवर नकोत, शेतावरच्या कामासाठी द्यावेत. मातीचे थर पाहायला खड्डा खणायची मजुरी, जीपचं भाडं, नमुन्यांची तपासणी यातच पोरं अडकतात आणि मग रस्त्याकडेच्या सोयीच्या रानातली माती प्रयोगशाळेत येते. सर भर मे महिन्यात काळ्या जमिनीच्या भेगांत हात घालायला लावायचे. ओल्या मातीची वळी करून चिकणमातीचं प्रमाण ओळखायला त्यांनीच शिकवलं, ते अजून बोटांत आहे.

स्मारक म्हटलं की जमीन घडवणारे पाच घटक (हवामान, सजीव, उतार, मूळ खडक, काळ) १९४१ मध्ये सूत्रात मांडणारे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे मृदाशास्त्रज्ञ हान्स येनी आठवतात. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या आम्लधर्मी जमिनीवरचं खुरटं जंगल त्यांच्या नावाने अभ्यासासाठी राखलेलं आहे. किती शोभणारं स्मारक!

मुद्दल ठेवीतच राहावं, फक्त व्याज वाटावं, त्यातलंही थोडं दरवर्षी मुद्दलात परत टाकावं. नाहीतर महागाईत निधी आटतो. पहिल्या विद्यार्थ्याचा जीपखर्च माझ्याकडे लागला.